तुटायला काय ठेवायचं?

पुढच्या डाव्या चाकातून काढलेला जॉइंट मिस्त्रींनी गोणपाटावर ठेवला, हात चिंधीला पुसले आणि विचारलं, "ताई, सगळंच मजबूत करायचं म्हणताय. मग तुटायला काय ठेवायचं?" मी त्या दिवशी यादीच घेऊन गेले होते. जाड शाफ्ट, मोठे जॉइंट, नवे पाटे, लांब शॉकअप, मोठे टायर. माझी यादी खोडून काढायला त्यांनी हे विचारलं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि ते मिळेपर्यंत ते माझ्याकडे बघत थांबले. मला काही सुचलं नाही. तुटू नये म्हणून तर एवढा खटाटोप, त्यात तुटायला मुद्दाम जागा कशाला ठेवायची? घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढे गाडीचं काम बरेच महिने चाललं आणि त्या काळातला जवळजवळ प्रत्येक निर्णय त्याच प्रश्नापाशी येऊन अडायचा.

माझ्या या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीने चाळिशी ओलांडली आहे. जाड चेसिस, पुढे आणि मागे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा), चारही कोपऱ्यांना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा). वळतानाही चाकाला ताकद मिळावी म्हणून पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना नकलच्या (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या) गोल पोटात एकेक जॉइंट बसलेला असतो. बाहेर पोलादी बेल, आत खाचा पाडलेला गाभा, दोघांच्या मध्ये सहा गोळ्या आणि त्या गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा. ही रचना आल्फ्रेड झेपा नावाच्या अभियंत्याने १९२०च्या दशकात शोधली, आणि आजही जगभरच्या बहुतेक गाड्यांची पुढची चाकं तिच्याच कुठल्या ना कुठल्या रूपावर फिरतात. गोणपाटावरच्या जॉइंटच्या बेलला काठापासून आतपर्यंत चीर गेली होती. रॉकेलने धुतल्यावर चिरेचे दोन भाग स्पष्ट दिसायला लागले. काठाजवळचा भाग काळपट, गुळगुळीत. त्याच्या पुढचा राखाडी, दाणेदार, उजेडात चमकणारा. मिस्त्रींनी दोन्हींमधली हद्द नखाने दाखवली. काळा भाग जुना. चीर कधीतरी पडली, तिच्यात ग्रीस शिरलं, आणि मग दर चढावर ती केसाकेसाने पुढे सरकत राहिली. चमकणारा भाग शेवटच्या झटक्याचा. "मोडली त्या दिवशी," ते म्हणाले, "पण मोडायला लागली होती केव्हाची."

त्या झटक्याचा आवाज मला नीट आठवतो. कोरड्या ओढ्यातून वर चढताना डावीकडे पूर्ण वळायचं होतं. डावं चाक कातळाच्या पायरीला टेकून अडलं, उजवं हवेत जाऊन पुन्हा खाली आलं आणि गाडीच्या पोटातून एकच कोरडा टक् ऐकू आला. मोठा नाही. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला तर तो ऐकूही आला नाही. पण स्टीअरिंगच्या चाकातून तळव्यांना जे कळलं त्याने माझं अंग गार पडलं. चाक पूर्ण वळलेलं असलं की जॉइंटमधल्या गोळ्या खाचांच्या अगदी टोकाला, बेलच्या काठाशी येतात, आणि नेमका तिथेच पोलादाला आजूबाजूचा आधार सगळ्यांत कमी असतो. त्यात लो रेंजचा, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोराचा, पहिला गिअर. गणित साधंच आहे. इंजिन १५० न्यूटन-मीटर देत असेल, पहिला गिअर ३.९, ट्रान्सफर केसचा (जोर पुढच्या-मागच्या एक्सलकडे पाठवणाऱ्या पेटीचा) लो २.३ आणि डिफरन्शियल (एक्सलच्या मधली, जोर दोन्ही चाकांना वाटणारी पेटी) ४.१ असेल, तर गुणाकार साडेपाच हजारांच्या घरात जातो. घर्षणात थोडं वाया जातं, उरलेलं पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये वाटलं जातं, पण ते सारखं वाटलं जाईलच याची हमी कोणी देत नाही. त्या क्षणी ज्या एक्सलच्या चाकांना पकड मिळते, भार त्याच्याच शाफ्टवर येतो.

तरी कामाची सुरुवात एक्सलपासून केली नाही. सुरुवात पाट्यांपासून केली, कारण चाक मुळात हवेत गेलं ते पाट्यांमुळे. जुने पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. कमान लवायची ती एखाद्या अखंड पट्टीगत, ताठ, आणि एक चाक वर गेलं की दुसरं त्याच्या मागोमाग उचललं जायचं. यू-बोल्टांच्या नटांवर दोन दिवस गंज सोडवायचं तेल मारत राहिलो, तरी अर्धे कापूनच काढावे लागले. कापलेच नसते तरी ते पुन्हा वापरायचे नव्हते. एकदा पूर्ण ताणून आवळलेला यू-बोल्ट थोडा लांबतो आणि पुन्हा तेवढीच पकड देत नाही. एक्सल पाट्याला धरून राहतो तो या पकडीमुळेच. मधला सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवायला असतो. यू-बोल्ट ढिले असले तर सगळा भार त्या बारक्या बोल्टावर येतो, तो कापला जातो आणि एक्सल गाडीखाली तिरका सरकतो.

काढलेले पुढचे दोन्ही पाटे फरशीवर पालथे घातले आणि टोकाला टोक जोडणारा दोरा ताणून कमानीची उंची मोजली. चालकाच्या बाजूची कमान दुसरीपेक्षा बोटभर कमी भरली. इतकी वर्षं त्या बाजूला कायम कोणीतरी बसलेलं, शिवाय तेलाची टाकीही तिकडेच. शेजारची सीट कितीदा तरी रिकामी. माझ्या आधी ही गाडी ज्यांनी चालवली त्यांच्यापैकी एकालाही मी ओळखत नाही, पण त्यांचं एकट्याने केलेलं सगळं येणंजाणं त्या बोटभर फरकात साठलं होतं. भंगारात द्यायचे पाटे मी उगीचच आठवडाभर तसेच ठेवून दिले.

पाट्यांची गाडी म्हटलं की मला मामा आठवतो.

तो डोंगरातल्या कामांवर माल पोचवायचा, आणि सुट्टीत आम्हा मुलांना मागे बसवून न्यायचा. मागच्या फळीवर बसलं की पाट्यांची करकर थेट पाठीच्या कण्यातून वर यायची. एकदा परत येताना डाव्या बाजूचा मुख्य पाटा डोळ्याजवळच मोडला. (ज्या वळलेल्या टोकात बुश बसतं त्याला पाट्याचा डोळा म्हणतात.) मामाने खाली वाकून बघितलं आणि तो काहीच बोलला नाही. चेसिस आणि एक्सलच्या मध्ये त्याने लाकडाचा ओंडका ठोकला, साखळीचे चार वेढे दिले आणि आम्हाला चालत्या वेगाने घरापर्यंत आणलं. हे जमलं, कारण दुसऱ्या पाट्याचं टोकही डोळ्याभोवती अर्धवट वळवलेलं होतं. वरचा मोडला तरी खालच्याने एक्सल सोडला नाही. लष्करी गाड्यांत ही रचना सर्रास असायची. पाट्यांच्या जुडग्यातला एक मोडला तर बाकीचे भार उचलतात, गाडी त्या बाजूला कलते, करकरते, पण चालते. लहानपणी मला ती मामाची हुशारी वाटली होती. ती होतीच, पण निम्मी हुशारी पाटा घडवणाऱ्याचीही होती. मोडल्यावर पुढे काय होईल, याचा विचार त्याने आधीच करून ठेवला होता. मिस्त्रींच्या प्रश्नाचा मला लागलेला पहिला धागा हाच.

सस्पेन्शन बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती इंच उचलणार? या प्रश्नाचा मला आता कंटाळा आला आहे. नवे पाटे घालून गाडी चार इंच उचलली तरी डिफरन्शियलच्या पोटाखालची जागा तसूभरही वाढत नाही, कारण एक्सल चाकांवर उभा असतो, पाट्यांवर नव्हे. ती जागा वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीही वाढलेल्या व्यासाच्या निम्मी. २८ इंचांच्या जागी ३३ इंचांचा टायर घातला तर अडीच इंच. उचलण्याचा उपयोग दुसराच. मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते, दरवाजाखालचा भाग कातळावरून सुटतो आणि चाकाला वरखाली व्हायला वाव मिळतो. यातला शेवटचा फायदा सगळ्यांत मोठा, आणि फोटोत तोच दिसत नाही. उचलण्यात मी अडीच इंचांवर थांबले. त्याहून उंच गेलं की गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि आडव्या उतारावर गाडी उलटायचा कोन कमी होतो. चाकांमधल्या अंतराचं निम्मं आणि गुरुत्वमध्याची उंची, या दोनच आकड्यांवर तो कोन मुख्यतः ठरतो. त्या गणिताला बाकी कशाशी देणंघेणं नाही.

नवे पाटे निवडताना मऊपणाचं कोडं मला फार आवडलं. पाट्याचा ताठपणा लांबीच्या घनाने कमी होतो आणि जाडीच्या घनाने वाढतो. लांबी नुसती दहा टक्क्यांनी वाढवली तर पाटा पाव हिश्शाने मऊ होतो. म्हणून मोजक्या जाड पाट्यांच्या जागी जास्त संख्येने पातळ पाटे घेतले, थोडे लांब, आणि टोकांना मध्ये घसरत्या प्लॅस्टिकच्या चकत्या. अनेकांनी सुचवलं की पाटे काढूनच टाक, कॉइल स्प्रिंग घाल. त्यात तथ्य आहे. १९७०च्या रेंज रोव्हरने दाखवून दिलं होतं की सॉलिड एक्सलला कॉइल लावली तर चाक किती खोल खाली जाऊ शकतं. लँड रोव्हरने वन टेनमध्ये तोच रस्ता १९८३ साली धरला, आणि जीप रँग्लर १९९७च्या मॉडेलपासून कॉइलवर आली. पण पाटा दोन कामं करतो. तो वजन उचलतो आणि एक्सलला पुढे-मागे, आडवं जागेवरही धरतो. कॉइल फक्त वजन उचलते. एक्सल धरायला मग आर्म हवेत, पॅनहार्ड रॉड हवा, त्यांचे ब्रॅकेट हवेत, आणि ते सगळं चाळीस वर्षांच्या चेसिसला नव्याने वेल्डिंग करून जोडायचं. प्रत्येक जोड म्हणजे तुटायची आणखी एक जागा, आणि ती जागा जंगलात साखळीने बांधता येण्याजोगी नसते. मी पाटे ठेवले. पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवायची युक्तीही नको म्हटली. त्यात एका फटक्यात पाच-सहा इंच मिळतात खरे, पण गॅस दिला की एक्सल स्वतःभोवती वळायला बघतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो आणि एक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट हकनाक मार खातात.

शॉकअपची लांबी कागदावर ठरवता येते, असं मला वाटत नाही. आम्ही ती गाडीवरच ठरवली. शॉकअप काढलेले, गाडी स्टँडवर, आणि एका चाकाखाली जॅक. मिस्त्री एकेक दांडा मारत चाक वर चढवत होते आणि मी पाठीवर पडून टॉर्च धरली होती. एक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून असलेल्या बंप स्टॉपच्या रबरावर मातीचा गोळा चिकटवला होता, म्हणजे एक्सल तिथे टेकला की ठसा उमटावा. जॅक वर जात होता तसा समोरचा पाटा सपाट होत गेला आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) मागे झुकत गेली. पलीकडचं चाक खाली, खाली, आणखी खाली जात होतं, आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर ब्रेकचा रबरी होज ताणून तारेइतका सरळ झाला. "थांबा, थांबा!" आणखी दोन दांडे मारले असते तर तो मुळातूनच उपटला असता. जॅकवर उपटला असता तर फरशी पुसली की झालं, उतारावर उपटला असता तर ब्रेकच गेले असते. लांब होज मागवले. बंप स्टॉप टेकण्याआधी शॉकअप आतून तळाला लागू नये, आणि पाटा पूर्ण सुटेपर्यंत तो ताणून संपू नये, या दोन हद्दींत जी लांबी बसली ती घेतली. नायट्रोजन भरलेले घेतले, कारण दगडगोट्यांवर तासभर हलत राहिलं की साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि तो चाकाला आवरायचंच विसरतो.

पुढच्या एक्सलचा कोन हा मात्र खरा छळ. गाडी उचलली की ट्रान्सफर केसपासून पुढे उतरणारा प्रोपेलर शाफ्ट जास्त तिरका होतो. त्याच्या जॉइंटला आराम द्यायचा तर पिनियनचं, म्हणजे तो शाफ्ट ज्याला जोडतो त्या डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरचं, नाक वर करायला हवं. पण पिनियन आणि नकल एकाच हाउसिंगवर. नाक वर केलं की नकल फिरते, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि मग मोठ्या रस्त्यावर गाडी सरळ धावायचं सोडून इकडेतिकडे हुंगायला लागते. पाट्याखाली पाचर घालून एकाला सुख दिलं की दुसरा रडतो. यावरचा पक्का उपाय एकच. नकलचं वेल्डिंग कापायचं, ती हव्या तेवढ्या अंशांनी फिरवायची आणि पुन्हा जोडायची. अडीच इंचांवर थांबल्याचा खरा फायदा इथे झाला. छोट्याशा पाचरीवर भागलं आणि हाउसिंगला करवत लावावी लागली नाही.

टायर ३३चे घ्यायचे ठरल्यावर गिअरचं गणित आपोआप आलं. चाक मोठं झालं की इंजिनच्या दृष्टीने गाडी लांब गिअरमध्ये जाते. ४.१०चा डिफरन्शियल ३.४८चा असल्यासारखा वागायला लागतो, आणि जुनं इंजिन चढावर दमतं. जुना जोर परत मिळवायचा तर ४.८८ हवा. आता ४.१० म्हणजे क्राऊनला, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरला, ४१ दाते आणि पिनियनला १०. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. पिनियनचे दोन दाते गेले, म्हणजे तो बारीक झाला, एका वेळी जुळणारे दाते कमी झाले, आणि भार तर वाढला. मोठा टायर म्हणजे लांब तरफ. २८चा ३३ केला की शाफ्टवर येऊ शकणारा पीळ साधारण अठरा टक्क्यांनी वाढतो. ब्रेकलाही तेवढीच जास्त मेहनत पडते. यादीतली एक ओळ मजबूत केली की तिचा भार मुकाट्याने खालच्या ओळीवर सरकतो, हे मला या आकड्यांनी शिकवलं. मिस्त्रींना ते आकड्यांशिवाय ठाऊक होतं.

क्राऊन-पिनियन बसवायचा दिवस मला सगळ्यांत जास्त आवडला. दात्यांना पिवळी पेस्ट लावायची, क्राऊनला हाताने थोडा अडथळा देत पिनियन फिरवायचा आणि दाते जिथे टेकले तिथला ठसा बघायचा. ठसा दाताच्या मधोमध हवा. मुळाकडे गेला तर पिनियन फार आत आहे, टोकाकडे गेला तर फार बाहेर. मग सगळं उघडायचं, कागदाहून पातळ शिम बदलायची आणि पुन्हा पेस्ट. दात्यांमधला मोकळा खेळ मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांत बसवायचा. गिअर ऑइलचा तो गंधकाचा उग्र वास बोटांतून दोन दिवस जात नाही, आणि मला तो जाऊही नये असं वाटायचं. ठसा मनासारखा उमटला तेव्हा मिस्त्री काही बोलले नाहीत. दिवा आणखी जवळ धरून त्यांनी मला तो नीट बघू दिला.

या सगळ्या काळात मोठ्या एक्सलचा मोह सुटला नव्हता. सगळा एक्सलच बदलायचा! डाना ४४, नाहीतर थेट डाना ६०. पहिल्याची क्राऊन साडेआठ इंचांची, दुसऱ्याची पावणेदहा इंचांची. या एक्सलांना नाव मिळालं चार्ल्स डाना यांचं, जे मुळात वकील. जॉइंटवर डोकं खपवलं ते क्लॅरेन्स स्पायसर यांनी. त्यांनी १९०४ साली सुरू केलेल्या कंपनीत डाना १९१४ साली आले, आणि १९४६ साली कंपनीचं नावच डाना झालं. युनिमॉग ट्रकचे पोर्टल एक्सलही बघितले. त्यांत चाकापाशीच गिअरची जोडी असते, त्यामुळे एक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर राहते आणि पोटाखाली भरपूर जागा मिळते. बघत बसावं असं काम आहे. पण एक्सलचं वजन पाट्यांच्या खाली असतं, स्प्रिंगने न तोललेलं. ते जेवढं जास्त, तेवढं चाक खड्ड्यातून वर यायला आळशी आणि खाली आपटायला जोरकस. मोठ्या एक्सलला मोठा टायर शोभतो, मोठ्या टायरला मोठं स्टीअरिंग लागतं, आणि मोठं स्टीअरिंग जुन्या चेसिसला स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टांपाशी तडे पाडतं. भार सरकत सरकत शेवटी चेसिसवर येतो. आणि चेसिस तुटली तर ती बदलायची कशी? तिच्यासकट गाडीच बदलावी लागते.

तेव्हा मला उत्तर सापडलं.

तुटायला हब ठेवायचा. पुढच्या चाकावर बाहेरच्या बाजूला फ्री-व्हील हब असतो, फोर-व्हील लावताना खाली उतरून हाताने फिरवतात तो. त्याच्या आतली दातेरी कडी शाफ्टला चाकाशी जोडते. ती तुटली तर चाक मोकळं फिरतं, गाडी मागच्या चाकांवर चालू राहते, आणि सहा बोल्ट काढले की रस्त्यातच दुसरा हब बसवता येतो. जॅकही लागत नाही. जॉइंट तुटला तर पूर्ण नकल उघडायची, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालायचे, आणि बेलचा तुकडा नकलच्या पोटात अडकला तर स्टीअरिंगच जाम. डोंगरात वळणावर स्टीअरिंग जाम होणं म्हणजे काय, हे लिहायची गरज नाही. म्हणून शाफ्ट आणि जॉइंट ४३४० जातीच्या क्रोमियम-निकेल-मॉलिब्डेनम पोलादाचे घेतले. हे पोलाद पीळ बसला की वळतं आणि पीळ सुटला की बरंच काही विसरून सरळ होतं. हब मात्र जुनाच, साधाच ठेवला. घरात वायर जळण्याआधी फ्यूज जावा यासाठी तो मुद्दाम बारीक तारेचा घालतात, त्यातलाच हा प्रकार. सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत आत असलेली वस्तू सगळ्यांत शेवटी तुटायला हवी. सुटे हब आता सीटखालच्या पेटीत असतात, गॅस्केटच्या कागदासकट. मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पाना उचलला.

नव्या शाफ्टवर मिस्त्रींनी बसवण्याआधी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. टोकापासून टोकापर्यंत. पुढे कधी शाफ्ट बाहेर काढला आणि रेघ वळलेली दिसली, तर समजायचं की पोलाद परतीच्या हद्दीपलीकडे गेलं. त्याच वेळी एक्सलच्या श्वासनळ्याही बॉनेटपर्यंत वर नेल्या. तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते, आणि वर नळी नसेल तर तो सीलमधून पाणी ओढून घेतो. मग गिअर ऑइल दुधी होतं आणि बेअरिंगं मुकाट मरतात. काम किरकोळ, पण मला वाटतं जुन्या गाडीवर सगळ्यांत आधी तेच करावं.

गाडी आता वेगळी चालते. मला ती पूर्णपणे आवडते असंही नाही. दगडगोट्यांवर तिचा मऊपणा अजून खरा वाटत नाही. त्याच कोरड्या ओढ्यातल्या त्याच पायरीवर डावं चाक वर चढत असताना उजवं जमिनीला धरून राहिलं आणि गाडी सावकाश, न अडखळता वर आली. पण डांबरी रस्त्यावर ती वळणात जास्त कलते, ब्रेक थोडा आधी दाबावा लागतो, आणि पाट्यांची करकर पार गेली आहे. त्या करकरीवरून मला रस्ता कळायचा. कुठला खड्डा केवढा, मागे सामान किती, हे कानांना समजायचं. आता कान रिकामे बसतात आणि सगळं हातांनी ओळखावं लागतं. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले, तेव्हा प्रत्येक नट थोडा फिरला. नवे पाटे एकमेकांवर बसायला तेवढा वेळ घेतातच. डिफरन्शियलचं पहिलं तेलही तेव्हाच बदललं. चुंबकी बुचावर राखाडी भुकटी होती, बोटांत चोळली तर गुळगुळीत. खडा एकही नाही.

पुढच्या एक्सलला लॉकर (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरावीत म्हणून डिफरन्शियल बांधून टाकणारी रचना) बसवायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो, त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी त्याच्यापेक्षा जास्त भार दुसऱ्या शाफ्टवर येऊच शकत नाही. चिखलात हाच त्याचा दोष, आणि जॉइंटसाठी हाच आसरा. लॉकर लावला की पुढचा सगळा जोर एकट्या शाफ्टवर जाऊ शकतो, आणि तोही चाक पूर्ण वळलेलं असताना. मागे ही भीती कमी, कारण मागचा शाफ्ट सरळ असतो, त्यात जॉइंटच नाही. मिस्त्री पुढच्या लॉकरच्या विरोधात आहेत. मी बसवलाच तर बटणाने लागणारा आणि सुटणारा बसवीन, आणि स्टीअरिंग सरळ असतानाच लावीन. पण त्याआधी मागच्या एक्सलची बेअरिंगं बदलायची आहेत. तो सेमी-फ्लोटिंग प्रकारचा आहे, गाडीचं वजन तिथे शाफ्टवरच असतं, आणि डावं बेअरिंग आता साठच्या वेगाला गुरगुरायला लागलं आहे.